अर्जदार जिवंत आढळल्याने

मनुष्य पूर्वी कोठे राहत होता हे शोधून काढणे, हे प्रगत समाजाचे मुख्य लक्षण आहे. तो सध्या कोठे राहतो हा प्रश्न त्या मानाने किरकोळ असून त्याचे उत्तर शेजारीही देऊ शकतात. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाहीत, तंबू लागत नाहीत आणि अनुदानही येत नाही. पूर्वीच्या माणसाचे तसे नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला कोणी विचारत नाही, हजार वर्षांपूर्वीच्याला तारेचे कुंपण मिळते, आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्याला कुंपण, पाटी, पहारेकरी आणि पावसाळ्यात प्लास्टिकचे छप्पर अशा चारही सोयी मिळतात. (पहारेकऱ्याला छप्पर मिळत नाही. तो समकालीन आहे.)

या शास्त्राला पुरातत्त्व म्हणतात. ते शहादा तालुक्यातल्या बोरटेक गावी एका डिसेंबरात दोन जीपगाड्या भरून आले.

बोरटेकच्या बाहेर नदीच्या वळणावर एक पांढुरके टेकाड आहे. गावकऱ्यांनी धाब्याच्या घरांवर टाकायला पिढ्यान्‌पिढ्या तिथली माती नेली होती. त्यामुळे शास्त्र येऊन पोहोचले तेव्हा तो प्राचीन समाज निम्मा टेकाडात आणि निम्मा गावाच्या छपरांवर होता. छपरे खणायला परवानगी मिळाली नाही म्हणून टेकाडापासून सुरुवात झाली.

खणायला माणसे हवी होती. बोरटेकची माणसे कापूस वेचण्यात आणि केळीच्या बागांत गुंतलेली. शिवाय आपल्याच पूर्वजांची घरे खणायची तर रोज जास्त हवा, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा चार किलोमीटरवरच्या पुनर्वसन वसाहतीतून चोवीस बाया आणण्यात आल्या. त्यांची स्वतःची गावे धरणाच्या पाण्याखाली होती, त्यामुळे त्यांना पूर्वजांची अडचण नव्हती.

त्या चोवीस जणींत फुलवंताबाई वसावे ही एक. वय पन्नाशीचे, अंगाने काटक, बोलणे मोजके, आणि समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत त्याच्याकडे असे बघत राहायची की त्याला आपण काहीतरी चुकीचे बोललो असे वाटू लागावे. ती नर्मदेकाठच्या खैरपाणी पाड्याची. पाणी आले तेव्हा तिची मुलगी सोनम चार वर्षांची होती. आता सोनम सव्वीसची. वसाहत वसली तेव्हा ज्यांची नावे यादीत होती त्यांना घराची जागा आणि शेत मिळाले. फुलवंताबाईचे घर यादीत नव्हते. त्यामुळे ती बावीस वर्षे भावाच्या ओट्यावर कुडाची भिंत घालून राहत होती आणि सरकारी भाषेत 'अघोषित' होती. म्हणजे ती बुडाली होती, पण ते अजून जाहीर झाले नव्हते.

अर्ज केला होता तो नवऱ्याने, रूपसिंगने. रूपसिंग पाच वर्षांपूर्वी वारला. पण अर्जावरचे नाव बदलायला जे कागद लागतात ते मिळवायला मूळ अर्ज मंजूर असावा लागत असल्याने, कार्यालयात तो अजून अर्जदार होता. त्याला अधूनमधून पत्रेही येत.

खोदकामाचे प्रमुख एक डॉक्टर होते. बाया त्यांना 'मातीचे डागदर' म्हणत, कारण ते दुखणे विचारत नसत, नुसती माती हातात घेऊन बोटांनी चुरडत आणि मान हलवत. माणूस भला होता. दुपारी बायांच्या पंगतीला बसून मिरचीचा ठेचा खाई आणि डोळे पुसत शास्त्र समजावून सांगे.

शास्त्र तसे सोपे आहे. जमिनीवर सुतळीने चौकोन आखायचा. थापीने एकेक थर सोलायचा. वरचा थर नवा, खालचा जुना. (उंदीर मध्ये आले नाहीत तर.) जे सापडेल ते जागेवर ठेवायचे, मोजायचे, वहीत लिहायचे, आणि मग त्यावरून कोण राहत होते, काय खात होते, कशाला भीत होते हे ठरवायचे. कशाला भीत होते हे सर्वांत सोपे, कारण जी वस्तू कळत नाही ती धार्मिक विधीची धरायची अशी या शास्त्रात चांगली रीत आहे. पहिल्या तीन आठवड्यांत बोरटेकला दोनशे बारा वस्तू निघाल्या. त्यांपैकी एकसष्ट धार्मिक निघाल्या. इतका भाविक समाज खानदेशात यापूर्वी आढळला नव्हता.

चौथ्या आठवड्यात डॉक्टर एक भाजक्या मातीचे जाड कडे हातात धरून विद्यार्थ्यांना सूर्यपूजेबद्दल सांगत होते. फुलवंताबाई पाटी रिकामी करून परत येत होती. ती थांबली.

"काय झालं, बाई?" डॉक्टरांनी विचारले.

"काही नाही. मडकं ठेवायचं कडं आहे ते. बूड गोल असलं की मडकं लोळतं ना."

डॉक्टरांनी कडे जमिनीवर ठेवले. त्याच चरातले गोल बुडाचे मडके वर ठेवले. मडके बसले. सूर्यपूजा तिथेच संपली.

त्या दिवसापासून प्रत्येक वस्तू आधी फुलवंताबाईला दाखवण्यात येऊ लागली. ही दाण्याच्या कोठीला लिंपायची माती. हा मासे पकडायच्या जाळ्याचा मणी. हा नुसता दगड आहे, फेका. महिनाअखेर धार्मिक वस्तू एकसष्टवरून नऊवर आल्या. एका बाईमुळे संपूर्ण संस्कृती नास्तिक होत चालल्याचे पाहून एक विद्यार्थी खिन्न झाला, कारण त्याचा प्रबंध त्यावर होता.

सोनमलाही काम मिळाले. ती आश्रमशाळेतून बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखे. तिला वही देण्यात आली. थर, खोली, वर्णन, शेरा असे चार रकाने.

जानेवारीच्या शेवटी मोठा शोध लागला. दुसऱ्या चरात, कमरेएवढ्या खोलीवर, मातीच्या रंगात काळपट गोल डाग दिसू लागले. डॉक्टर गुडघ्यावर बसले. फुलवंताबाईने एक डाग पाहिला, उठली, चार पावले टाकली, थापीने माती खरवडली. तिथे दुसरा डाग. पुन्हा चार पावले. तिसरा.

"खांबांचे खड्डे," ती म्हणाली. "लाकूड कुजलं, खड्डा राहिला. चूल इथं असणार."

चूल तिथेच निघाली. तीन दगड, राख, जळके दाणे.

"तुम्हाला कसं कळलं?" डॉक्टरांनी विचारले.

"दार इकडं आहे. वारा तिकडून. मग चूल दुसरीकडं कोण घालील?"

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी जाहीर केले, की येथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी पाच जणांचे एक कुटुंब राहत होते. त्यांच्याकडे तीन शेळ्या होत्या. घरातली बाई उजव्या हाताने दळत असे. आठवड्याच्या आत पाटी लागली : 'येथे वस्ती होती.' खाली तीन भाषांत तेच, आणि चौथ्या ओळीत दंडाची रक्कम.

फुलवंताबाई पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. वाचता येत नसल्याने सोनमने वाचून दाखवले.

"डागदर," ती शेवटी म्हणाली, "या लोकांनी घरपट्टीची पावती दाखवली?"

डॉक्टर हसले. "साडेतीन हजार वर्षांपूर्वीची?"

"मग यांचं घर होतं हे कुणी मान्य केलं?"

"मातीनं. हे बघा बाई, भांडं हलवता येतं, माणूस हलतो, कागद तर कुठलाही करता येतो. पण चूल आणि खांबाचा खड्डा जागचा हलत नाही. यापेक्षा पक्का पुरावा जगात नाही."

फुलवंताबाईने त्यांच्याकडे आपल्या पद्धतीने पाहिले. डॉक्टरांना आपण काहीतरी चुकीचे बोललो असे वाटले. पण काय ते कळेना.

पुरावा या विषयातली फुलवंताबाईची माहिती डॉक्टरांपेक्षा जुनी होती. पुनर्वसनाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात (त्याचे नाव देत नाही, त्याच्या चार पाट्यांवर ते चार प्रकारे लिहिलेले आहे) गिरधरअप्पा नावाचे अव्वल कारकून होते. मनाने मऊ, कपाळाला गंध, टेबलावर गुळाच्या चहाचा पेला. दर दोन महिन्यांनी फुलवंताबाई समोर बसली की ते मनापासून हळहळत.

"मावशी, तुन्हं समदं खरं शे. पन कागद कोठे शे?"

कागद पाच प्रकारचे चालत. पहिला, घरपट्टीची पावती. खैरपाणीला घरपट्टी घ्यायला कधी कोणी आले नव्हते. दुसरा, वीजबिल. वीज धरणातून तयार झाली, म्हणजे खैरपाणी बुडाल्यावर. तिसरा, शाळेचा दाखला. शाळा कागदावर होती आणि तो कागद तालुक्याला होता. चौथा, मतदारयादी. तिच्यात 'फूलवती रूपचंद' असे नाव होते. ही बाई कोण हे आजतागायत कळलेले नाही. पाचवा आणि सर्वांत भारदस्त, पाहणी पथकाचा पंचनामा. पथक खरोखरच आले होते. होडीने आले, पण वारा सुटल्यामुळे उतरले नाही आणि त्याने नदीच्या मधूनच दुर्बिणीने पाहणी केली. पंचनाम्यात लिहिले आहे, 'झाडी दाट व हिरवीगार. घरे दिसून आली नाहीत.' पंचनाम्यावर दोन पंचांचे अंगठे आहेत. दोघेही खैरपाणीचेच रहिवासी होते. त्यांना होडीवर बोलावून घेतले होते.

मे महिन्यात धरणाचे पाणी उतरते. काठावरच्या वरच्या टप्प्यांवरून ते मागे सरकते आणि खाली गाळाचे भेगाळलेले पठार उघडे पडते. त्या मे महिन्यात एका सकाळी फुलवंताबाई सोनमला घेऊन नर्मदेकाठी गेली. बरोबर सुतळीचा गुंडा, चार खुंट्या, दोन थाप्या, एक झाडणी, चाळण आणि वही. खोदकाम मार्चमध्येच आटोपले होते आणि डॉक्टरांनी जाताना सामान वसाहतीत ठेवायला दिले होते. होडी रेवजीची होती. रेवजी खैरपाणीचाच, तिच्या शेजारच्या घरातला. त्याचे नाव यादीत असल्याने त्याला शेत मिळाले होते, पण त्याला नदीवाचून करमत नसे.

"कुठं लावू?" रेवजीने विचारले.

समोर सगळा एकसारखा करडा गाळ. झाड नाही, दगड नाही, बांध नाही. फुलवंताबाई होडीत उभी राहिली. तिने पलीकडच्या डोंगराचे टोक पाहिले, मग मागच्या खिंडीकडे पाहिले. थोडे उजवीकडे, म्हणाली. अजून थोडे.

त्यांनी पाच बाय पाचचा चौकोन आखला. पहिला थर गाळ, दोन हात. त्यात प्लास्टिकची चप्पल, एक बाटली, मेलेल्या शिंपल्या. सोनमने सगळे लिहिले. दुपारपर्यंत ऊन असे तापले की रेवजीने होडीचे फडके काढून त्यांच्यावर धरले. तीन दिवस हेच चालले. तिसऱ्या दिवशी थापी कशाला तरी लागली आणि आवाज बदलला.

शेणाने सारवलेली, चोपलेली जमीन. वीतभर दिसली, मग हातभर. फुलवंताबाईने थापी ठेवली आणि झाडणी घेतली. शास्त्रात सांगितल्याप्रमाणे ती बाहेरून आत, हळूहळू झाडत गेली. सागाच्या खांबांचे बुडखे पाण्यात काळे पडून तसेच उभे होते. खड्डेदेखील शोधावे लागले नाहीत. चूल निघाली. चुलीच्या मागे एक स्टीलचा तांब्या निघाला. सोनमने तो पाण्यात घुसळला. पोटावर टाकीने कोरलेली अक्षरे होती : 'सौ. फुलवंताबाई रूपसिंग वसावे यांस मामाकडून, दि. २-५-९४.' पुरातत्त्वात याला कोरीव लेख म्हणतात. एरवी असा लेख सापडला की त्यातल्या राजाचे नाव काय हे ठरवायला पंधरा वर्षे लागतात. इथे राणी समोरच उकिडवी बसलेली होती.

"तांब्या लिहू?" सोनमने विचारले.

"लिही. पण तो चालणार नाही. भांडं हलवता येतं." आणि ती चुलीवरची माती झाडत राहिली.

मग सोनमला चुलीपासून तीन हातांवर दोन बारीक खड्डे दिसले. खांबांच्या ओळीत ते बसत नव्हते. तिने मोजले, वहीत आकृती काढली.

"याहा, हे कशाचे?" तिने आईला विचारले.

फुलवंताबाईने मान वर केली नाही. "तुझ्या झोळीच्या दांड्यांचे."

रेवजी फडके धरून नदीकडे तोंड करून उभा राहिला. सोनमने वहीत लिहिले : 'खड्डा क्र. ७ व ८. लहान. उपयोग निश्चित.' शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे हे तिला सुचेना, म्हणून तिने 'निरंक' असे लिहिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात 'खैरपाणी : उत्खनन अहवाल' कार्यालयात दाखल झाला. सोळा पाने, सहा आकृत्या, बावीस फोटो. वरचा थर कधी बसला, खालची वस्ती कधीची, किती माणसांची, दार कोणत्या दिशेला, बाई कोणत्या हाताने दळत होती, सगळे आले होते. (डाव्या. फुलवंताबाई डावरी आहे.)

गिरधरअप्पांनी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"मावशी," ते म्हणाले, "पस्तीस वरीस नोकरी करी, आसा पुरावा मी कधी देखा नही. आता काम हुईच जाई."

अप्पा खोटे बोलत नव्हते. अहवाल वर गेला. वरच्या साहेबांनी तो आणखी वर पाठवला. तिथे कोणालाच त्यात चूक काढता येईना, तेव्हा तो तज्ज्ञांच्या अभिप्रायासाठी बाहेर पाठवण्यात आला. जिल्ह्यात खोदकाम केलेले तज्ज्ञ एकच होते. अहवाल मातीच्या डॉक्टरांच्या टेबलावर गेला.

डॉक्टर तो वाचताना रडले असे म्हणतात. त्यांनी आयुष्यातला सर्वांत चांगला अभिप्राय लिहिला. खैरपाणी येथे स्थिर, सुव्यवस्थित आणि स्वयंपूर्ण वस्ती होती याबद्दल शास्त्रीय दृष्ट्या तिळमात्र शंका नाही, असे त्यांनी नमूद केले. अहवाल लिहिणाऱ्यांची पद्धत निर्दोष असल्याचे लिहिले. आणि सवयीने, शेवटच्या परिच्छेदात, अशा भूतकालीन समाजांच्या अभ्यासातून आपल्याला पुष्कळ शिकता येते, असेही लिहिले.

सप्टेंबरात निर्णय आला. तो असा :

'१) मौजे खैरपाणी येथे वस्ती होती, हे तज्ज्ञांच्या अभिप्रायावरून निर्विवाद सिद्ध होत आहे. २) तज्ज्ञांनी सदर वस्तीचा उल्लेख "भूतकालीन समाज" असा केला आहे. ३) भूतकालीन समाजाच्या पुनर्वसनाची तरतूद नियमांत नाही. ४) संबंधित महिला सुनावणीस समक्ष हजर राहिल्या असता जिवंत आढळल्या. सबब त्या सदर समाजाच्या घटक होत्या असे मानता येत नाही. ५) विनापरवाना उत्खनन केल्याबद्दल त्यांना समज देण्यात येत आहे.'

गिरधरअप्पांनी पाचही कलमे वाचून दाखवली. वाचताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

"म्हणजे काय झालं, अप्पा?"

"वस्ती व्हती हाई मान्य शे, मावशी. पन तू जित्ती शे, तेच आडं उनं."

फुलवंताबाई विचार करत बसली. बाहेर एस.टी. स्टँडवर शहाद्याहून आलेली गाडी लागल्याचा पुकारा झाला. ही गाडी गेली की पुढची दीड तासाने होती. ती उठली नाही.

"अप्पा, अर्ज कुणाच्या नावानं आहे?"

"रूपसिंगना."

"रूपसिंग तर मेलाय. तो भूतकालीन झाला की नाही?"

अप्पांनी हातातला पेला खाली ठेवला. पस्तीस वर्षांत त्यांच्यापुढे असा मुद्दा कोणी मांडला नव्हता. त्यांनी लगबगीने टिपण तयार केले, स्वतः वर नेऊन दिले. तीन आठवड्यांत उत्तर आले. मुद्दा ग्राह्य होता. रूपसिंग वसावे हे भूतकालीन समाजाचे घटक असल्याचे मान्य करण्यात आले होते. मात्र ओळख पटवण्यासाठी त्यांनी मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे असे कळवले होते. पत्र रूपसिंगच्या नावाने होते.

ते पत्र फुलवंताबाईने घडी घालून कनवटीला खोचले आणि एस.टी.तून उतरून ती चार किलोमीटर चालत घरी आली. त्या दिवशी तिने भाकरी केल्या नाहीत. सोनमने केल्या.

मातीचे डॉक्टर दिवाळीनंतर वसाहतीत आले. ओट्याच्या कडेला बसले. त्यांना निर्णय कळला होता.

"बाई, मी चांगलंच लिहिलं होतं हो."

"चांगलंच लिहिलंत," फुलवंताबाई म्हणाली. "तेवढं एक 'भूत' नसतं लिहिलंत तर बरं झालं असतं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग चाचरत येण्याचे कारण सांगितले. बोरटेकच्या टेकाडाशेजारी पर्यटकांसाठी प्राचीन घराची प्रतिकृती उभी राहणार होती. ठेकेदाराने आधी सिमेंटची करून पाहिली. ती प्राचीन वाटेना. खरे घर बांधता येणारे माणूस हवे होते. आणि बांधून झाल्यावर त्यात कोणीतरी राहायला हवे होते, चूल पेटती हवी होती, कारण रिकाम्या घरात पर्यटक मागे फिरतात.

"खांब सागाचे लागतील," ती म्हणाली.

"मिळतील."

"दार मी सांगीन तिकडं."

"चालेल."

"आणि घर कुणाच्या नावावर?"

डॉक्टरांनी कागद चाळले. "नोंद... प्राचीन समाज, घर क्रमांक एक."

"म्हणजे मीच," फुलवंताबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खड्डे खणायला गेली.

घर दीड महिन्यात उभे राहिले. कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, आत दाण्याची कोठी, शेणाने सारवलेली जमीन. दार उत्तरेला, सातपुड्याकडे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी दार पूर्वेला होते असे एका विद्यार्थ्याने निदर्शनास आणले, पण फुलवंताबाईने त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने मुद्दा मागे घेतला. तिची नेमणूक रीतसर झाली. पद : 'प्राचीन स्त्री (कंत्राटी)'. मुदत अकरा महिने, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. खंडाच्या दिवशी प्राचीन समाज भावाच्या ओट्यावर जाऊन बसतो.

भावाच्या ओट्यावर बावीस वर्षांत न मिळालेल्या बऱ्याच गोष्टी इथे मिळाल्या. नळ मिळाला. संडास मिळाला (पर्यटकांचा, पण सकाळी नवाच्या आधी तिचाच). पर्यटकांना अंधारात नीट दिसत नाही म्हणून एक दिवा आला, दिव्याला मीटर आला आणि मीटरमागे वीजबिल आले. ते गिरधरअप्पांना दाखवायला ती मुद्दाम गेली. अप्पांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि वाचून परत दिले. बिल बोरटेकचे होते. बोरटेक बुडालेले नव्हते. "ते बुडनं म्हंजे ये, मावशी," अप्पा अगदी मनापासून म्हणाले. खैरपाणीची फाइल अजून त्यांच्या कपाटात आहे आणि फुलवंताबाई दर दोन महिन्यांनी अजून जाते.

पर्यटक येतात. रविवारी जास्त. नाशिकहून, सुरतेहून, पुण्याहून. दारातून वाकून पाहतात, चुलीचा फोटो काढतात, भाकरीचा तुकडा मागून खातात. मग कोणीतरी विचारतेच, की बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या? विचारले की ती सांगते. नदी, पाडा, होडीतून केलेला पंचनामा, झोळीच्या दांड्यांचे खड्डे, रूपसिंगला आलेले पत्र. माणसे सगळे ऐकतात. बायका डोळ्याला पदर लावतात. पुरुष संतापतात, यावर कुणीतरी लिहायला हवं म्हणतात, आणि जाताना तिच्याबरोबर उभे राहून फोटो घेतात. घरामागे एक खड्डा आहे, त्यात त्यांचे मागे राहिलेले सामान पडते.

सोनम हल्ली तिथेच मार्गदर्शक आहे. दुपारी गर्दी नसली की ती वही घेऊन त्या खड्ड्याशी बसते. हात बसलाय, सोडवत नाही. परवा तिने नवीन पान काढले आणि आईला वाचून दाखवले :

'समाज क्र. २ (अलीकडील). वस्तीचा काळ : सुमारे दीड तास. अवशेष : वेफरची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, एक लहान मोजा. स्वभाव : सहृदय. हकीकत शेवटपर्यंत ऐकल्याचे व हळहळल्याचे भरपूर दाखले. त्यानंतर काही केल्याचा पुरावा : अद्याप मिळालेला नाही.'

फुलवंताबाई चुलीपुढे बसून भाकर थापत होती. सोनमने विचारले, "याहा, आणि जे इथं येतच नाहीत? घरी बसून नुसतं वाचतात, त्यांचा थर वेगळा धरू?"

"त्यांचा थर कसला धरतेस?" फुलवंताबाई भाकर उलटत म्हणाली. "हे निदान पाकिटं तरी टाकून गेले."